डबीखालचा रंग

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि मी रागावले आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुतेक वेळा गोड बोलतात, डोळे पुसतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मला ते जमेल असे वाटत नाही. माझ्या टाकीवर इतका चकचकीत रंग आहे की येणारेजाणारे त्यात बघून केस नीट करतात. त्याच रंगाने माझा जीव घ्यायचा तेवढा बाकी ठेवला होता. आणि एकट्या माझा नव्हे. ते कसे घडले, ते पहिल्यापासून सांगते. मधेच माझा आवाज चढला तर समजून घ्या.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे लाडाने कुणी हात फिरवला असेल, असे समजू नका. माझ्या वायरी एका जाड चष्म्याच्या बाईने जोडल्या. प्रत्येक जोड ती कचकन ओढून बघायची आणि दातओठ खात म्हणायची, "सुटलास तर याद राख!" असा दम ऐकून जगात आलेली मी. त्या बाईने बांधलेला एकही जोड पुढे आपणहून सुटला नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

मला वीज कशी मिळते, तेही आत्ताच सांगते, नाहीतर माझा राग तुम्हाला कळणार नाही. माझे इंजिन फिरले की त्याच्याबरोबर डायनॅमो फिरतो आणि वीज तयार करतो. ती वीज बॅटरीत साठते. बॅटरीत जीव असेल तरच दिवा लागतो, भोंगा वाजतो आणि इंजिनात ठिणगी पडते. बॅटरी उतरली की मी जागच्या जागी मुकाट उभी. डायनॅमो आणि बॅटरी यांच्या मधे एक काळी डबी बसवलेली असते. तिला रेग्युलेटर म्हणतात. वीज पुढे कधी सोडायची आणि किती सोडायची, हे ती डबी ठरवते. आता मुख्य गोष्ट ऐका. वीज वायरीतून जाते खरी, पण परत येते ती माझ्या लोखंडी अंगातून. म्हणून त्या डबीची पाठ माझ्या उघड्या लोखंडाला टेकलेली असावी लागते. मधे गंज आला, कागद आला, रंग आला, की डबी आंधळी होते. मग बॅटरीला काही मिळत नाही, आणि डायनॅमोला आवरणारे कुणी उरत नाही. तो बेफाम होतो आणि शेवटी स्वतःच्याच विजेने जळतो.

एवढे साधे आहे. चिमूटभर रंग, आणि सगळा कारभार ठप्प.

मला विकत घेतले ते एका गुरांच्या डॉक्टरांनी. उंच, किडकिडीत, बोलायला महाग माणूस. त्यांच्या औषधांची पेटी माझ्या मागच्या बाजूला पट्ट्याने बांधलेली असे. अडलेली गाय, पोट फुगलेली म्हैस, पाय मोडलेले शिंगरू, जिथून बोलावणे येईल तिथे आम्ही जायचो. रस्ता संपला तर शेताच्या बांधावरून जायचो. माझ्या मागच्या सीटवर माणसांइतकीच कोकरे बसली आहेत, आणि खरे सांगायचे तर कोकरे बरी. ती सीटला काही चिकटवून ठेवत नाहीत.

एकदा एका गवळ्याने डॉक्टरांना विचारले, "साहेब, तुम्हाला कळतं तरी कसं? मुकं जनावर, कुठं दुखतं ते सांगत तर नाही."

डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "सांगतं की. आपणच मधे बडबड करतो."

माझ्याशीही ते तसेच वागत. माझ्या दिव्याच्या वर एक छोटे गोल घड्याळ आहे. त्यातला काटा उजवीकडे गेला की बॅटरीत वीज भरते आहे, आणि डावीकडे गेला की उतरते आहे. त्याला अँमीटर म्हणतात. डॉक्टर रस्त्याकडे बघता बघता अधूनमधून त्या काट्याकडे बघत. एका वर्षी माझ्या सांगाड्याला गंज चढला, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने रंग लावला. मग तो वाळल्यावर त्यांनी काळी डबी जिथे बसते तिथला रंग जनावरांचे खूर साफ करायच्या सुरीने पुन्हा खरवडून काढला. लोखंड चांदीसारखे दिसायला लागल्यावर त्यांनी त्याला बोटभर ग्रीस चोपडले आणि डबी घट्ट बसवली. बघणारे तिथे कुणीच नव्हते. वाहवा मिळावी म्हणून केलेले ते काम नव्हतेच.

त्यांना दोन मुले. थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. थोरल्याला टापटीप फार. धाकटी आडदांड, माझ्यावर बसायला शिकली ती गुडघे फोडून घेऊनच. पुढे थोरल्याने फर्निचरचे मोठे दुकान काढले आणि धाकटी दुसऱ्या शहरात पोहायला शिकवू लागली. डॉक्टर निवृत्त झाले. मी पडवीत उभी राहू लागले. कधीतरी संध्याकाळी ते मला किक मारत, काट्याकडे बघत, एक फेरी मारून आणत. दोघेही म्हाताऱ्या हाडांचे, पण आमचे बरे चालले होते.

मग एका सकाळी आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. डॉक्टर दाढी करत होते. ब्रश पडला, वाटी पडली आणि मग ते पडले.

दवाखान्यातून ते परत आले तेव्हा चाकांच्या खुर्चीत बसून आले. उजवा हात लोंबत होता, उजवा पाय ओढावा लागत होता आणि बोलणे गेले होते. नीट ऐका, मित्रांनो. बोलणे गेले होते. अक्कल गेली नव्हती. समोरचा काय बोलतो ते त्यांना सगळे कळत होते. शब्द डोक्यात तयार असायचा, पण तोंडापर्यंत येता येता हरवायचा. पडवीत माझ्याजवळ त्यांची खुर्ची आणून ठेवत, तेव्हा मी ते रोज बघत होते. ओठ हलायचे, मानेची शीर ताठ व्हायची आणि बाहेर नुसता श्वास यायचा.

आणि घरातली माणसे? ती प्रेमळ होती. माझा निम्मा राग त्यांच्या प्रेमळपणाचाच आहे. आई, म्हणजे डॉक्टरांची बायको, त्यांना रोज आंघोळ घालून, पावडर लावून, इस्त्रीचा सदरा चढवून बसवायची. थोरल्याने आरामखुर्ची आणली, गुबगुबीत उशी आणली. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वा! काय छान ठेवलंय बाबांना!" त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोरच असे बोलायचे, जणू ते कोपऱ्यातले कपाट. "बाबा, कसं वाटतंय?" असे विचारायचे आणि त्यांचा ओठ हलायच्या आत "छान वाटतंय ना? छान!" असे म्हणून चहा प्यायला आत जायचे. प्रश्न यांचा, उत्तरही यांचेच.

थोरल्याच्या मनात आले की बाबांना आनंद होईल असे काहीतरी करावे. त्याने मला गुपचूप उचलून एका रंगाऱ्याकडे नेले. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देणारा हा माणूस. सगळे त्याला 'चकाचक' म्हणत, कारण प्रत्येक काम संपले की तो तेच म्हणायचा.

चकाचकने मला नटबोल्टापर्यंत सुटे केले. अंगावरचा जुना रंग ओरबाडून काढला. मग नवा रंग मारला. एक थर, दुसरा थर, वर चमक देणारा थर. काम सुंदर होते, ते मी नाकारत नाही. पण त्याने सगळीकडे रंग मारला! नटांच्या खाली, बोल्टांच्या भोकात, वायरीची कडी जिथे टेकते तिथे, आणि काळी डबी जिथे बसते तिथेही. काचेसारखा गुळगुळीत, जाड थर. त्यावर त्याने डबी बसवली, स्क्रू पिळले आणि चार पावले मागे जाऊन म्हणाला, "चकाचक!"

मी ओरडू शकले असते तर त्या शेडचे पत्रे उडाले असते.

मला घरी आणले त्या दिवशी पडवीत सारे जमले होते. थोरल्याने माझ्यावरची चादर ओढली आणि टाळ्या वाजल्या. डॉक्टर बघतच राहिले. मग त्यांनी डावा हात पुढे केला. थोरल्याने त्यांची खुर्ची माझ्याजवळ सरकवली. डॉक्टरांची बोटे माझ्या टाकीवरून फिरली, सांगाड्यावरून खाली उतरली आणि डबीच्या कडेशी येऊन थांबली. त्यांनी नखाने तिथे खरवडून पाहिले. त्यांच्या कपाळावर आठी पडली. ओठ हलले, मानेची शीर ताठ झाली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून शब्द बाहेर आला.

"रं... रंग!"

अहो, काय तो गोंधळ! आईच्या डोळ्यांना धार लागली. थोरला तर त्यांच्या पायाशीच बसला. "बाबा बोलले! ऐकलंस आई? रंग म्हणाले! रंग आवडला त्यांना!"

"रंग!" डॉक्टर जोरात म्हणाले. त्यांची बोटे डबीवर आपटत होती.

"हो बाबा, रंग! अगदी तुमचा जुनाच रंग शोधून काढला!"

"रंग! रंग!"

कुणीतरी मोबाइलवर चित्रफीत काढली. ती सगळ्या नातेवाइकांना गेली. एक माणूस जिवाच्या आकांताने ओरडतो आहे, "अरे, इथे रंग लागलाय, गाडी जळेल," आणि त्याच्याभोवती घरचे टाळ्या वाजवत आहेत. मित्रांनो, मी हे डोळ्यांनी पाहिले आहे, आणि अजून माझा राग शांत झालेला नाही.

पुढे काय झाले असेल, ते तुम्ही ओळखलेच असेल. थोरल्याने मला फिरवायला काढले. पहिले काही दिवस भरलेल्या बॅटरीवर मी धावले. काटा डावीकडेच पडून होता, पण थोरला काट्याकडे बघतो कशाला! तो दुकानांच्या काचांत स्वतःला बघत होता. शेवटी चौकात दिवा मंदावला, भोंगा घोगरा झाला आणि मी बंद पडले. इस्त्रीच्या कपड्यांत घामाघूम होत त्याने मला घरापर्यंत ढकलत आणले.

चकाचक आला. त्याने एकदाही विचारले नाही की वीज जाते कुठे. "बॅटरी खराब निघाली," म्हणाला आणि नवी बसवली. तीही उतरली. मग दुसरी. मग एके दिवशी माझ्या पोटातून जळका वास आला. डायनॅमो बेफाम होऊन आतून भाजला होता. चकाचकने त्याच्या तारा नव्याने गुंडाळून आणल्या आणि डोके खाजवत म्हणाला, "जुनी गाडी आहे हो. म्हातारपण. आता हे असंच चालायचं."

म्हातारपण! जिथे यांची अक्कल संपते, तिथे समोरच्याचे म्हातारपण सुरू होते.

चकाचक दिसला की डॉक्टर खुर्चीत उसळायचे. "रंग! रंग!" तो त्यांच्या खांद्यावर थोपटून म्हणायचा, "आजोबांना माझं काम काय आवडलंय, वा!" एकदा डॉक्टरांनी डाव्या हाताने बशीतला चमचा उचलला, खुर्चीतून जवळजवळ पडत पुढे झुकले आणि डबीच्या कडेचा रंग खरवडू लागले. मी सांगते, इतके बरे मला कित्येक दिवसांत वाटले नव्हते. अजून जरा जोर, अजून जरा खाली, असे मी मनात म्हणत होते. तेवढ्यात थोरला धावत आला.

"बाबा! अहो काय हे? ओरखडे पडले ना!" त्याने चमचा हिसकावून घेतला.

डॉक्टरांनी बशी भिरकावली. ती भिंतीवर फुटली. आई घाबरून दारात उभी राहिली. थोरल्याचे डोळे भरून आले. तो वाईट मुलगा नव्हता. पण त्याने काय केले, ते ऐका. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात जाऊन म्हणाला, "बाबा फार चिडचिड करतात," आणि गोळ्या घेऊन आला. शांत राहण्याच्या गोळ्या.

डॉक्टर शांत झाले. दुपारीही मान छातीवर, तोंड अर्धवट उघडे, सदऱ्याची इस्त्री मोडलेली नाही. "रंग" हा एकुलता एक शब्द त्यांनी कमावला होता, तोही गेला. शेजारीण म्हणाली, "आता किती छान राहतात हो!" बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, त्यांना थोरल्याने सांगितले की आता येण्यात काही अर्थ नाही. आणि माझेही ठरले. मला त्याच्या दुकानाच्या काचेत, एका लांब सोफ्याशेजारी उभे करायचे. "चालत नाही तर नाही, निदान शोभेला तरी होईल," तो आईला म्हणाला.

एकाच घरात दोन शोभेच्या वस्तू तयार झाल्या होत्या. एकीत रक्त होते, एवढाच फरक.

मला न्यायला टेंपो यायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी धाकटी सुट्टी घेऊन घरी आली. पडवीत पाऊल टाकताच तिने वडिलांकडे पाहिले आणि खांद्यावरची पिशवी तशीच खाली टाकली.

"दादा! बाबा दुपारी असे का झोपलेत?"

"हळू बोल. गोळी दिलीय. फार आरडाओरडा करायचे."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे? आजारात होतं असं. एकदा तर बशी भिरकावून फोडली. चिडतात."

"कशाला चिडतात, ते विचारलंस का?"

"ते काय सांगणार? एकच शब्द येतो त्यांना. रंग, रंग, रंग. गाडीचा रंग आवडला होता म्हणून."

"आवडला म्हणून बशी फोडली?" धाकटीचा आवाज चढला. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाईल असा तिचा आवाज आहे. "दादा, आवडल्यावर कोण फोडतं रे बशी?"

"तुला काय जातं बोलायला!" थोरलाही भडकला. "येतेस चार दिवस पाहुण्यासारखी. इथे रात्रंदिवस करतो कोण? आई नि मी! दाढी कोण करतं, उचलतं कोण? तू फक्त ये आणि चुका काढ!"

त्याचे म्हणणे खोटे नव्हते, ते धाकटीलाही कळले. आई मधे पडली आणि म्हणाली, "भांडा, भांडा. तेवढंच राहिलंय त्यांच्या कानावर पडायचं." मग दोघेही खाली बघू लागले.

संध्याकाळची गोळी धाकटीने थांबवायला लावली. दवाखान्यात फोन करून, विचारून थांबवली, उगाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डॉक्टरांची खुर्ची पडवीत आणली आणि ती त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. त्यांचे डोळे आज उघडे होते.

"बाबा, रंग म्हणजे काय?" तिने विचारले.

आणि ती बसून राहिली. बोलली नाही, मान डोलावली नाही, शब्द सुचवले नाहीत. दारातून आई काही म्हणणार, तर तिने हात वर करून तिला थांबवले. डॉक्टरांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. अखेर त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडे दाखवला.

"गाडी?" मान हलली. हो.

"गाडीचा रंग चांगला नाही?" डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. हो आणि नाही यांच्या मधले काहीतरी सांगायचे असले की माणूस करतो तसे.

"बरं. मग आपण पहिल्यापासून बघू. मी विचारते, तुम्ही हो-नाही करा. हत्यारं कुठेत?"

मित्रांनो, आता जे झाले त्याला म्हणतात शोध घेणे. डॉक्टरांनी प्रथम बॅटरीकडे बोट दाखवले. धाकटीने ती घरच्या विजेवर भरून घेतली. दुपार त्यातच गेली. मग त्यांनी डायनॅमो दाखवला. "याच्या वायरी काढू?" हो. त्याच्या दोन टोकांवरून दोन वायरी निघतात, त्या तिने काढल्या. डॉक्टरांनी डाव्या हाताची दोन बोटे एकमेकांना जुळवली. "दोन्ही टोकं जोडू?" हो. तिने ती तारेच्या तुकड्याने जोडली. मग त्यांनी माझ्या मागच्या दिव्याकडे दाखवले आणि मूठ फिरवली. तिने तिथला बल्ब काढला, त्याला दोन तारा लावल्या, एक डायनॅमोला जोडली आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर दाबून धरली. थोरला तोंड पाडून बाजूला उभा होता, पण किक मारायला तो आपणहून पुढे आला.

मी सुरू झाले. धाकटीने उत्साहाने वेग वाढवायला मूठ पिळली, तेवढ्यात डॉक्टरांनी तिच्या मनगटावर फाडकन चापट मारली. हळू! या अवस्थेत डायनॅमोला लगाम नसतो. वेग वाढवला तर बल्ब फुटेल. तिने मूठ सोडली. मी हळू हळू धडधडत राहिले, आणि तो छोटा बल्ब झगझगीत पेटला.

"डायनॅमो चांगला आहे!" थोरला म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याने एखादी खरी गोष्ट बोलून दाखवली.

वायरी परत जोडल्या. काट्याकडे पाहिले. काटा डावीकडेच. वीज तयार होते आहे, पण पुढे जात नाही. मग अडते कुठे? धाकटीने वायरीवरून बोट फिरवत नेले आणि ते काळ्या डबीपाशी थांबले. "ही गेली का?"

डॉक्टरांनी जोरात मान हलवली. नाही. डबी नाही. ते पुढे वाकले. धाकटीने त्यांच्या छातीला हाताचा आधार दिला. त्यांनी बोट डबीच्या वर नाही, बाजूला नाही, तर तिच्या पाठीमागे, फटीत खुपसले.

"रं... ग," ते म्हणाले.

धाकटी एकदम थांबली. "डबीखाली रंग?"

डॉक्टरांनी खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. हो! पुन्हा आपटली. हो, हो, हो!

तिने तारेचा लांब तुकडा घेतला. एक टोक डबीच्या स्क्रूखाली अडकवले. दुसरे टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवले, आणि थोरल्याला म्हणाली, "वेग दे. थोडासा."

माझा काटा हलला. डावीकडून उठला, मधे आला आणि उजवीकडे जाऊन ताठ उभा राहिला. तिने तार उचलली, काटा पडला. तार टेकवली, काटा उठला. माझ्या अंगातून पुन्हा वीज वाहू लागली होती. पण मला आनंद झाला, असे सांगू? नाही झाला. मला संताप आला. एवढ्याशा तारेचे काम! एवढ्यासाठी माझे पोट जळले आणि या माणसाची जीभ गोळ्यांखाली गाडली गेली!

थोरल्याने इंजिन बंद केले. कितीतरी वेळ तो काट्याकडेच बघत होता. मग तो वडिलांसमोर गुडघ्यांवर बसला.

"बाबा, तुम्ही इतके दिवस हेच सांगत होता?"

डॉक्टर त्याच्याकडे बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते, पण ते रडणे मायेचे नव्हते. ते रागाचे होते. ओठ हलू लागले. या वेळी कुणी मधे बोलले नाही. आईने तोंडावर पदर धरला होता.

"गा... गाढवा," डॉक्टर म्हणाले. स्पष्ट म्हणाले.

धाकटीला हसू फुटले, आणि मग थोरल्यालाही; रडता रडताच. लक्षात घ्या, गुरांच्या डॉक्टरांनी आयुष्यभर गाढवांवर उपचार केले होते. त्यांच्या तोंडी ती शिवी नव्हती. ते निदान होते.

टेंपोवाल्याला थोरल्याने परत पाठवले. मग तो स्वतः पॉलिश पेपर घेऊन बसला आणि त्याने डबीखालचा तो लखलखीत रंग घासून काढला. नटांखालचा काढला, वायरींच्या कड्यांखालचा काढला. डॉक्टर शेजारी बसून बोट दाखवत होते, आणि जिथे तो कंटाळून पुरे करायला बघे, तिथे खुर्चीवर मूठ आपटत होते. त्याने एकदाही "बाबा, शांत व्हा" म्हटले नाही.

सगळे गोड झाले, असे मात्र मानू नका. डॉक्टरांचा उजवा हात परत आला नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई पुन्हा येऊ लागल्या, पण मधे जे महिने वाया गेले त्यांची भरपाई होत नाही, असे त्यांनीच आईला सांगितले. आता डॉक्टरांना मोजकेच शब्द येतात आणि त्यांतले बरेचसे ओरडण्याचे आहेत. थोरला ते ऐकून घेतो. कधी कधी वैतागून बाहेर येतो, माझ्या सीटवर बसतो, दोन श्वास घेतो आणि परत आत जातो. धाकटी आता फक्त सणासुदीला येत नाही. मधेच, न सांगता येते आणि मला घेऊन रस्त्याला लागते. काटा उजवीकडे असतो. आणि चकाचक? त्याला हे सगळे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "असेल, असेल. पण रंग एक नंबर होता की नाही?" अशा माणसाला मी काय बोलू!

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या गोष्टी तुमच्याही घरी असतील. पंखा असेल, शिलाई मशीन असेल, सायकल असेल. त्या पुसा, चमकवा, माझी ना नाही. पण त्या बंद पडू लागल्या तर आणखी एक थर चढवून त्यांना काचेत उभे करू नका. वीज कुठे अडते ते शोधा. एकेक जोड बघा. आणि तुमच्या घरात कुणी म्हातारे माणूस चिडत असेल, एकच शब्द पुन्हा पुन्हा ओरडत असेल, तर त्याला गप्प करायची एवढी घाई का हो असते तुम्हाला? त्याचा सदरा चुरगळलेला राहू द्या. दाढी एक दिवस राहिली तर राहू द्या. त्याच्या समोर जमिनीवर बसा आणि त्याला विचारा, तुम्ही कशावर चिडला आहात? आणि त्याचे तोंड वाकडे झाले असेल, शब्दाला वेळ लागत असेल, तर उठून जाऊ नका. त्याला जे सांगायचे आहे, ते कदाचित तुमच्याच चुकीबद्दल असेल. तरी ऐका.